कंस कोणी घालायचा?

जांब समर्थमध्ये राहून गणित शिकवणाऱ्याला दासबोध टाळता येत नाही. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं हे गाव म्हणजे नारायण सूर्याजी ठोसर, अर्थात समर्थ रामदास यांचं जन्मगाव. जन्म १६०८ सालचा, रामनवमीचा. पोथी न उघडलेल्या माणसालाही इथे दासबोधातलं पुष्कळसं कानावरून ठाऊक असतं. पण मला त्यातला जो भाग सर्वांत जवळचा वाटतो, तो प्रवचनांत मी फारसा ऐकलेला नाही. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास, ‘लेखनक्रियानिरूपण’. यात ब्रह्म नाही, माया नाही, मोक्षही नाही. अक्षर कसं काढावं, एवढाच विषय.

अक्षर वाटोळं आणि मोकळं असावं. काना, मात्रा, वेलांटी नीट असावी. एका ओळीची वेलांटी दुसऱ्या ओळीच्या मात्रेत घुसू नये. पान आधी आखून घ्यावं, म्हणजे ओळींमधलं अंतर सारखं राहतं. पहिल्या अक्षराचं वळण ग्रंथ संपेपर्यंत टिकावं. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते उपयोगाचं राहत नाही. आणि पानाच्या चारी बाजूंनी जागा सोडावी, कारण कागद कडेनं झडतो. झडला तरी अक्षराला धक्का लागू नये.

अध्यात्मावरच्या ग्रंथात समास कशाला आखत बसायचं, असं कोणालाही वाटेल. मला या सूचनांमागे एक माणूस दिसतो. तो अजून जन्मलेला नाही, किंवा जन्मला असला तरी समोर नाही. तो पोथी उघडेल तेव्हा लिहिणारा जवळ नसेल. अडला तर विचारायचं कोणाला? म्हणून लिहिणाऱ्यानं त्याची अडचण आत्ताच, कागदावर टाक टेकवतानाच, ओळखायची. अक्षर सुंदर असावं की नसावं हा आवडीचा भाग झाला. पण वाचणारा अडू नये, हे माझ्या मते नीतीत येतं. त्या समासात आलेल्या गोष्टी मला रोज एका फारच वेगळ्या ठिकाणी भेटतात. मुलांनी फोनवर टाइप करून पाठवलेल्या गणितांत.

*

२०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि गणित फळ्यावरून फोनवर आलं. शाळा पुन्हा उघडल्या, पण ती सवय राहिली. संध्याकाळी गावातल्या आणि आसपासच्या मुलांचे संदेश येतात. ‘सर, हे कसं सोडवायचं?’ आणि खाली एक ओळ.

अडचण या ‘एक ओळ’मध्येच आहे. फळ्यावर हात हवा तिकडे जातो. अपूर्णांक लिहिताना अंश वर, छेद खाली आणि मध्ये आडवी रेघ. ही रेघ दोन कामं करते. भागाकार सांगते, आणि तिच्या वर जेवढं आहे ते सगळं एक, खाली जेवढं आहे ते सगळं एक, असंही सांगते. म्हणजे ती न दिसणारा कंस असते. वर्गमूळाच्या चिन्हाचं छप्पर कुठपर्यंत ताणलंय त्यावरून कळतं की वर्गमूळ कशाकशाचं घ्यायचं. घातांक लहान होऊन वर जाऊन बसतो. कागदावरच्या गणिताला लांबी आणि उंची अशा दोन मिती असतात. फोनच्या कीबोर्डाला एकच असते. तिथे दुमजली घर कोसळतं आणि सगळी माणसं एका रांगेत उभी राहतात. कोण वरच्या मजल्यावर राहत होतं, हे रांगेकडे पाहून सांगता येत नाही.

हे उदाहरण पाहा: १२+६/३+६.

नियमानं आधी भागाकार, म्हणजे १२+२+६, उत्तर २०. पण विद्यार्थ्याच्या वहीत १२+६ वर आणि ३+६ खाली असेल, तर उत्तर २. १२+६ वर, ३ खाली आणि शेवटचे ६ बाजूला असतील, तर १२. आणि खाली ३+६ असून वर फक्त ६ असेल, तर उत्तर १२ पूर्णांक २/३. तीच सहा-सात चिन्हं, तोच क्रम, आणि चार उत्तरं. विद्यार्थ्याला या चारांतलं एकच अभिप्रेत होतं, आणि ते त्याला लख्ख ठाऊक होतं.

√९+१६ चंही तसंच. छप्पर नवावरच असेल तर १९, सगळ्यावर असेल तर ५. १/२क्ष म्हणजे क्षची निमपट, की दोन क्षनं एकाला भागायचं? गुणाकारासाठी चांदणी वापरली, तर कधीकधी व्हॉट्सॲप ती चांदणी गिळतं आणि दोन चांदण्यांमधलं अक्षर ठळक करून दाखवतं. गुणाकार नाहीसा होतो आणि पाठवणाऱ्याला वाटतं, आपण तर नीटच पाठवलं.

*

‘फोनमुळे सगळं बिघडलं’ असं म्हणायचा मोह होतो, पण तो बरोबर नाही. एका ओळीत गणित मावत नाही ही तक्रार फोनपेक्षा खूप जुनी आहे. आज आपण भागाकारासाठी जी तिरकी रेघ वापरतो, तिची शिफारस १८४५मध्ये ऑगस्टस द मॉर्गन यांनी केली. हे इंग्रज गणितज्ञ, जन्म मात्र मदुराईचा. अडचण छापखान्याची होती. उभा अपूर्णांक जुळवायचा तर ओळीची उंची वाढते आणि खिळे जुळवणाऱ्याचं काम वाढतं. म्हणजे तिरकी रेघ पहिल्यापासूनच लिहिणाऱ्या-छापणाऱ्याच्या सोयीसाठी आली. वाचणाऱ्याला त्या बदल्यात काय द्यायचं, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

आपल्याकडे या प्रश्नाचं एक देखणं उत्तर होतं. जुन्या मराठी हिशेबांत सव्वा म्हणजे १।, दीड म्हणजे १॥ आणि पावणेदोन म्हणजे १॥।. एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. अपूर्णांक सरळ एका ओळीत बसतो, आणि दंडांचा अर्थ हिशेब वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ केलेल्या पिढ्यांना ही चिन्हं शिकवावी लागत नसत. पण दंडांशी खेळ करणंही सोपं होतं. १ च्या पुढे एक दंड ओढला की सव्वा, आणखी एक ओढला की दीड. आजही आपण धनादेशावर रक्कम अक्षरी लिहून पुढे ‘फक्त’ लिहितो आणि उरलेल्या जागेत रेघ मारतो, ते याच भीतीनं. तो ‘फक्त’ म्हणजे व्यवहारातला बंद होणारा कंसच आहे. इथे रक्कम संपली. यापुढे कोणी काही जोडलं तर ते माझं नाही.

भास्कराचार्यांच्या काळात (‘लीलावती’ ११५० सालची) अपूर्णांक वर-खाली लिहीत, पण मध्ये रेघ नव्हती. ती अरबी गणितज्ञांच्या लेखनातून रूढ झाली. अव्यक्त राशीला ‘या’, ज्ञात संख्येला ‘रू’, ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. पेशावरजवळ १८८१मध्ये सापडलेल्या बख्शाली हस्तलिखितात तर याहून मोठी गंमत आहे. त्यात संख्येपुढे आजच्या अधिकसारखं दिसणारं चिन्ह आलं, तर ती संख्या ऋण समजायची. आपण ज्याला अधिक म्हणतो, ते तिथे उणे. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांचा १२०७ सालचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून काढलेल्या मठाची नोंद त्यात आहे. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण ‘या’ आणि ‘रू’ म्हणजे काय हे सांगणारा गुरू असेपर्यंतच ती लिपी बोलते. कोणत्याही चिन्हाचा अर्थ चिन्हाच्या पोटात नसतो, माणसांनी केलेल्या करारात असतो. करार दोघांनाही ठाऊक असेल तरच तो करार.

*

आता त्या प्रसिद्ध कोड्याकडे येऊ, जे दर काही महिन्यांनी आपल्या फोनवर येतं: ६÷२(१+२). खाली लिहिलेलं असतं, ‘नव्याण्णव टक्के लोक चुकतात’. २०१९च्या उन्हाळ्यात याचंच भावंड, ८÷२(२+२), जगभर फिरलं. स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांच्यासारख्या गणितज्ञानं त्यावर न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं. मराठी शाळेत शिकलेला माणूस लगेच ‘कंचेभागुबेव’ म्हणतो: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. आधी कंस, मग ६÷२, मग गुणिले ३, उत्तर ९. दुसरा म्हणतो, २(१+२) हे चिन्ह न घालता चिकटवून लिहिलंय, ते एकत्रच धरायचं. मग उत्तर १. भौतिकशास्त्रातलं नामांकित नियतकालिक ‘फिजिकल रिव्ह्यू’ तिरक्या रेघेपुढचा गुणाकार आधी करा, असं आपल्या लेखकांना सांगतं. म्हणजे दुसरा माणूस अडाणी नाही, त्याच्यामागेही करार आहे. फक्त दुसरा करार.

यंत्राला विचारावं, तर यंत्रांमध्येही एकमत नाही. एक्सेलच्या चौकटीत =-३^२ असं लिहिलं तर उत्तर ९ येतं; पायथन या संगणकभाषेत हेच विचारलं तर उणे ९. एक आधी उणे लावतं आणि मग वर्ग करतं, दुसरं आधी वर्ग करतं. २^३^२ चं एक्सेल ६४ देतं, पायथन ५१२. दोन्ही यंत्रं आपापल्या नियमांशी प्रामाणिक आहेत. चूक त्या ओळीत आहे, जी दोन नियमपुस्तकांच्या मध्ये उभी राहून कुठल्याच पुस्तकाचं नाव घेत नाही.

म्हणून या कोड्याचं खरं उत्तर काय, असं मुलं विचारतात तेव्हा मी सांगतो: हे कोडं गणिताचं नाहीच. ज्यानं लिहिलं त्याला विचारा, तुला काय म्हणायचं होतं? त्याला काहीच म्हणायचं नव्हतं. त्याला तुम्ही भांडायला हवे होतात. श्लेषाचीही एक प्रतिष्ठा आहे. मराठी कवितेत आणि कीर्तनात एका शब्दाचे दोन अर्थ निघाले की आपण दाद देतो, कारण तिथे कवीला दोन्ही अर्थ हवे असतात आणि ऐकणाऱ्याला दोन्ही मिळतात. या कोड्यात वाचणाऱ्याला एकच अर्थ घ्यायला लावतात, आणि मग तो दुसरा का घेतला नाही म्हणून मूर्ख ठरवतात.

*

हे सगळं करमणुकीपुरतं असतं तर मी लिहीत बसलो नसतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या मुलांनी एक सराव परीक्षा दिली. कोणी घेतली याला इथे महत्त्व नाही. चार पर्यायांतून एक निवडायचा, गोल काळा करायचा. एक प्रश्न असा होता: १०+२०/५. पर्यायांत ६ होतं आणि १४ही होतं. उत्तरसूचीत ६. मूळ पुस्तकात १०+२० रेघेच्या वर आणि ५ खाली असणार, हे उघड आहे. टंकलेखन करताना रेघ आडवी पडली आणि कंस घालायचा राहिला. पदावली सोडवण्याचा नियम ज्यांनी नीट शिकला होता, त्यांनी १४ निवडलं. त्यांचा गुण गेला. ज्यांनी डावीकडून उजवीकडे जमेल तसं केलं, त्यांना गुण मिळाला.

मी विचारणा केली. उत्तर आलं, ‘इतकं तर मुलांना समजायला हवं.’ गुण बदलले नाहीत. एका गुणानं जग बुडत नाही, हे मलाही कळतं. पण आठवीतल्या एका मुलीनं मला विचारलं, ‘सर, मग पुढच्या वेळी नियम लावायचा, की त्यांना काय पाहिजे ते ओळखायचं?’

या प्रश्नापुढे मला कंसाचा प्रश्न नीट दिसला. अर्थ कोणी स्पष्ट करायचा, लिहिणाऱ्यानं की वाचणाऱ्यानं? न्यायाच्या भाषेत बोलायचं तर दोन गोष्टी पाहाव्या लागतात. माहिती कोणाकडे आहे, आणि खर्च कोणाला किती येतो. लिहिणाऱ्याला आपला अर्थ ठाऊक असतो; त्याला शोध लावायचा नसतो. कंस घालायला त्याला दोन वेळा बोट टेकवावं लागतं. वाचणाऱ्याला मात्र अर्थ ठाऊक नसतो. त्याला चार शक्यता मनात मांडून त्यातली एक निवडावी लागते, आणि वाचणारे शंभर असतील तर हे काम शंभर वेळा होतं. ज्याला सर्वांत स्वस्तात पडतं, त्यानं ते करावं, हे समजायला तत्त्वज्ञ लागत नाही.

तरी व्यवहारात उलटं होतं. कारण तिसरी गोष्ट मध्ये येते: सत्ता. विद्यार्थ्यानं मला मोघम गणित पाठवलं, तर त्याचा तोटा त्यालाच. त्याला उत्तर चुकीचं मिळेल. म्हणून तो दुसऱ्यांदा नीट लिहितो. परीक्षा घेणाऱ्यानं मोघम लिहिलं, तर तोटा विद्यार्थ्याचा. साहेबांची चिठ्ठी, डॉक्टरचं अक्षर, कार्यालयाचं परिपत्रक, यांचंही तसंच. संदिग्धता पाण्यासारखी उतारानं वाहते. वरचा मोघम राहू शकतो, खालच्याला मनकवडं व्हावं लागतं. आणि सर्वांत वाईट हे की त्या मुलीनं यातून धडा घेतला. नियम शिकण्यापेक्षा ताकदवानाच्या मनात काय आहे ते ओळखायला शिकणं फायद्याचं, असा धडा. गणित हा विषय मी निवडला तो नेमका याच्या उलट्या कारणासाठी होता. मास्तर चुकला तर पाचवीतलं पोर उभं राहून त्याला चूक ठरवू शकतं, असा दुसरा विषय शाळेत मला माहीत नाही. ओळ मोघम झाली की पोराचा तो हक्क जातो.

*

माझे एक सहकारी यावर म्हणतात, ‘सगळीकडे कंस घातले तर मुलं नियम विसरतील. नियम कशाला शिकवतो मग?’ आक्षेप खोटा नाही. नियम आवश्यकच आहेत. त्यांच्याशिवाय २+३×४ सुद्धा लिहिता येणार नाही. शिवाय कंसांनी खचाखच भरलेली ओळ वाचायला तितकीच अवघड असते. सात कंस उघडले आणि सहाच बंद झाले, असंही होतं. पण मला वाटतं, नियमांचा उपयोग दोन बाजूंनी वेगळा असतो. वाचताना नियम पाळायचा, कारण लिहिणाऱ्यानं तो पाळला असेल यावर विश्वास ठेवायचा. लिहिताना नियमावर सगळा भार टाकायचा नाही, कारण वाचणारा कोणत्या नियमपुस्तकातून आलाय ते आपल्याला माहीत नसतं. रस्त्यावर उजवी-डावी बाजू ठरलेली असतानाही आपण वळताना हात दाखवतोच.

आमच्या गावात एका तिरक्या रेघेचे किती अर्थ होतात, पाहा. १/२ म्हणजे निम्मा. १/२ म्हणजे एक फेब्रुवारी, आणि अमेरिकेत नोकरीला गेलेल्या भाच्याला दोन जानेवारी. जमिनीच्या कागदावर १/२ म्हणजे गट क्रमांक एकचा हिस्सा दोन. आणि ‘सातबारा’ तर सात भागिले बारा नव्हेच. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकत्र. तलाठ्याच्या कचेरीत, शाळेत आणि लग्नपत्रिकेत हीच रेघ वेगवेगळं बोलते. ‘माझ्या हिश्शाला १/२ आलं’ असा संदेश भावानं भावाला पाठवला, तर निम्मं शेत आलं की दुसरा हिस्सा, यावरून पिढ्यान्‌पिढ्या बोलणं तुटू शकतं. हीच गोष्ट फवारणीच्या संदेशाची. ‘२५-३० मिली’ यातली आडवी रेघ ‘ते’ आहे, हे आपण संदर्भावरून ओळखतो. संदेश चौथ्या गटात पोचतो, तोवर संदर्भ मागे राहिलेला असतो. प्रमाण पंपाला की लिटरला, हेही त्याच्यासोबत गळून पडलेलं असतं.

समर्थांच्या त्या समासातला झडणारा कागद मला इथे आठवतो. पुढे ढकललेल्या संदेशाच्याही कडा झडतात. कोणी पाठवला, कधी, कोणत्या प्रश्नाच्या उत्तरात, हे सगळं झडतं आणि मधली ओळच पुढे जाते. जे कडेला ठेवून चालणार नाही, ते मध्ये लिहावं लागतं.

*

मग लिहायचं कसं? मी मुलांना सांगतो ते फारसं मोठं नाही. रेघेच्या वर किंवा खाली एकाहून जास्त पदं असतील तर त्यांना कंस: (अ+ब)/(क+ड). वर्गमूळ कशाचं, ते कंसात: √(९+१६). घातासाठी टोपीचं चिन्ह, आणि ऋण संख्येचा वर्ग असेल तर (-३)^२. वर्गापुढे उणे असेल तर -(३^२). गुणाकाराचं चिन्ह गाळायचं नाही, आणि इंग्रजी एक्स गुणाकाराला वापरायचा नाही, कारण तो चल म्हणून आधीच कामाला लागलेला असतो; आपला क्ष त्या बाबतीत निर्धोक. फार लांब पदावली असेल तर तुकडे करून त्यांना नावं द्यायची: प = अ+ब, फ = क+ड, हवं ते प/फ. एका ओळीत एकच पायरी.

आणि शेवटी, मोठ्यानं वाचून पाहायचं. मराठीनं याबाबत आपली चांगली सोय केली आहे. ‘नऊ अधिक सोळाचं वर्गमूळ’ हे मोघम आहे. ‘नऊ अधिक सोळा यांचं वर्गमूळ’ म्हटलं की संशय संपतो. तो ‘यांचं’ म्हणजे बोलण्यातला कंस. कंचेभागुबेवमधला ‘चे’ही त्याच कुळातला. पन्नासचे दोन-पंचमांश म्हणताना आपण काय कशाला बांधलंय ते सांगतो. जी पदावली फोनवर दुसऱ्याला बोलून लिहून घ्यायला लावता येते आणि तो तीच लिहितो, ती पाठवायला तयार झाली. दृष्टिहीन विद्यार्थ्याचा फोन त्याला संदेश वाचून दाखवतो, तेव्हा हीच परीक्षा प्रत्येक ओळीची होत असते. ‘टाइप कशाला करता, वहीचा फोटो पाठवा’ हा सल्ला बहुतेकांना सोयीचा आहे, पण तो या मुलाला दाराबाहेर ठेवतो.

या कामासाठी एका माणसानं किती खस्ता खाल्ल्या, तेही मुलांना सांगण्यासारखं आहे. १९७७मध्ये डोनाल्ड क्नुथ यांच्या हाती त्यांच्याच पुस्तकाची नव्या यंत्रावर जुळवलेली मुद्रितं आली. गणिताची पानं त्यांना इतकी बेढब वाटली, की त्यांनी गणित नीट छापणारी ‘टेक’ ही प्रणाली स्वतःच लिहायला घेतली. वर्षभरात उरकेल असं वाटलेलं काम सुमारे दहा वर्षं चाललं, आणि ती त्यांनी सगळ्यांना मोफत वापरू दिली. आज जगातलं बरंचसं गणित त्या प्रणालीतून छापलं जातं. ती शिकलेल्याला एका ओळीच्या मर्यादेत राहूनही दुमजली अपूर्णांक उभा करता येतो. पण तीही मनातलं ओळखत नाही. कुठून कुठपर्यंत अंश आहे, ते तिला महिरपी कंसात सांगावं लागतंच.

*

स्पष्ट लिहायला लोक आळसानंच टाळतात, असं मला आता वाटत नाही. वर्गात काही मुलं मुद्दाम अंक असा काढतात की तो १ही वाटावा आणि ७ही. उत्तर जे निघेल ते आपलं. मोठी माणसं हेच जरा सफाईनं करतात. मोघम वाक्य पुढे कसंही वळवता येतं. ‘माझ्या म्हणण्याचा तो अर्थ नव्हता’ असं म्हणायची वाट उघडी राहते. कंस घातला की ती वाट बंद होते. (१०+२०)/५ लिहिणारा माणूस सांगतो, की मला हेच म्हणायचं आहे, आणि हे चुकीचं असेल तर मला धरा. म्हणून कंस घालणं हा वाचणाऱ्यावरचा उपकार तर आहेच, शिवाय पकडलं जायची तयारीही आहे. मला वाटतं, बऱ्याच जणांना जड जातं ते हे. बोट दोनदा टेकवणं नाही.

त्या मुलीला मी काय सांगितलं, ते सांगायचं राहिलं. मी म्हणालो, नियमच लाव. गुण जाईल हे मला दिसत होतं, आणि गोल काळे करायच्या कागदावर ‘मी हे असं वाचलं’ असं लिहायला जागा नसते, हेही ठाऊक होतं. ती म्हणाली, ‘म्हणजे बरोबर असून चूक.’ मी हो म्हणालो. यापेक्षा गोड काही सांगणं मला खोटं वाटलं. वाचणाऱ्याच्या हातात याचा उपाय नसतो, तो लिहिणाऱ्याच्याच हातात असतो. आज ती वाचणाऱ्यांच्या बाजूला आहे. पण कधीतरी ती हिशेब लिहील, कोणाला औषधाचं प्रमाण कळवील, वाटणीचा कागद करील, कदाचित प्रश्नपत्रिकाही काढील. तेव्हा पलीकडे कोण बसलंय हे तिला दिसणार नाही, आणि त्यालाही तिला विचारता येणार नाही. त्या दिवसासाठी तिनं दोन्ही कंस आत्तापासून हाताशी ठेवावेत, एवढंच मी शिकवू शकतो.